पॅरिशच्या दप्तरातले पूर्वज

इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्यामागचा काळ धुंडाळायचा तर पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, वह्यांवाचून गती नाही. राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली अशी वही ठेवण्याचा हुकूम काढला. १५९८ पासून तिची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायची असे ठरले, त्यामुळे मूळ वही कुजली तरी कधीकधी नक्कल हाती लागते. तीनशे वर्षांच्या या परंपरेमुळे अठराव्या शतकातला पूर्वज शोधणे म्हणजे वहीत त्याचे नाव शोधणे, असा समज पक्का झाला आहे. तो अपुरा आहे. वही फार तर उमेदवार पुढे करते; त्यांतला आपला कोणता, हे सामान्य माणसाच्या बाबतीत बहुतेकदा पॅरिशचे गरिबांच्या मदतीचे दप्तर सांगते.

वही लिहिली जाई ती चर्चमधल्या विधीची नोंद म्हणून. तीत जन्मतारखेऐवजी बाप्तिस्म्याची तारीख असे, आईचे माहेरचे आडनाव सहसा नसे आणि दफनापुढे वयही क्वचितच. जॉन, विल्यम, मेरी, एलिझाबेथ अशी मोजकी नावे घरोघर फिरत; मूल दगावले की तेच नाव पुढच्या मुलाला ठेवत. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४० मधला बाप्तिस्मा वहीत १७३९ खाली सापडतो. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला आणि तो १७९४ पर्यंत राहिला. निर्धनांना माफी होती, म्हणून त्या वर्षांत नोंदीपुढे ‘निर्धन’ असा शेरा दिसला तरी तो पारखूनच घ्यावा. हार्डविकच्या कायद्याने १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांची आणि साक्षीदारांची सही किंवा खूण येऊ लागली, हा मात्र मोठाच लाभ. साक्षीदार भाऊ किंवा मेहुणा निघाला तर दोन घरे जोडता येतात.

खरी श्रीमंती आहे ती वस्तीच्या हक्काच्या कागदांत. गरिबाला पोसण्याचा खर्च त्याच्या पॅरिशने उचलायचा, आणि १६६२ च्या कायद्याने बाहेरून आलेल्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत धाडता येई. साहजिकच प्रत्येक पॅरिशला हा माणूस दुसऱ्याच्या गळ्यात आहे हे सिद्ध करायचे असे. त्यासाठी दोन दंडाधिकारी त्याची जबानी घेत: जन्म कुठला, उमेदवारी कोणाकडे केली, अविवाहित असताना सलग वर्षभर चाकरी कुठे केली, वर्षाला दहा पौंड भाड्याचे घर कधी घेतले होते का, लग्न कुठे झाले, मुले किती वयाची. एका शेतमजुराचा पाव शतकाचा प्रवास अशा एका पानावर मावतो. अनौरस मुलाच्या बापाचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत गाळलेले असले, तरी पोटगीसाठी त्याच्याकडून लिहून घेतलेल्या हमीपत्रात ते मिळते. पैशाचा प्रश्न आला की पॅरिश काटेकोर होई.

यावर कोणी म्हणेल, आता कोट्यवधी नोंदींची सूची संगणकावर आहे, मग एवढा खटाटोप कशाला? सूचीत जे नाही ते शोधणाऱ्याला दिसतच नाही. समोर आलेले एकमेव नाव म्हणून तोच आपला, असा निष्कर्ष काढला जातो. शिवाय बॅप्टिस्ट, क्वेकर अशा पंथांची कुटुंबे बाप्तिस्म्याच्या वहीत बहुधा नसतातच. जनुकीय चाचणी आज हयात असलेल्या दोघांचे नाते दाखवील. सात-आठ पिढ्यांमागच्या दोन चुलत जॉनांपैकी आपला कोणता, हे ती एकटी ठरवू शकत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप असा की मदतीची दप्तरे अनेक ठिकाणी नष्ट झाली आहेत, आणि बेताची मिळकत असलेला दुकानदार त्यांत आलाच नाही. हे खरे आहे. अशा वेळी मृत्युपत्रे आणि शेजारच्या पॅरिशांच्या वह्या पाहाव्यात आणि उमेदवाराचे दफन आधी शोधावे; तो बालपणीच गेला असेल तर प्रश्न मिटला. दफन न सापडणे हा मात्र तो गावातच जगल्याचा पुरावा नव्हे. तो लंडनला गेला असेल, किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुंबईला, आणि तिथली दफनाची नोंद नकलेच्या रूपाने आज ब्रिटिश लायब्ररीत असेल. खात्री होईतोवर वंशवृक्षात त्याच्या नावापुढे ‘बहुधा’ लिहावे.