बंध तोडायला ऊर्जा लागते, मिळत नाही!

विष्णुपुरीत बीटेक करत होतो, तेव्हा मीही छातीठोकपणे सांगायचो, बंध तुटला की ऊर्जा सुटते. साफ चूक! तोडायला ऊर्जा मोजावीच लागते. मिळते ती नवा बंध जुळताना.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पण त्याच्या दोन अणूंमध्ये तिहेरी बंध. एक मोल तोडायला ९४५ किलोज्यूल. ऑक्सिजनला ४९८ पुरतात. म्हणून युरियासाठी अमोनिया बनवताना उत्प्रेरक असूनही कारखान्यात ४००-५०० अंश तापमान लागतं. आणि आपलं नांदेड-लातूरचं सोयाबीन? मुळांच्या गाठींमधले रायझोबियम जिवाणू हेच काम मातीच्या गारव्यात करतात. फुकट नाही हां! नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, त्यासाठीची साखर पानं पुरवतात. फुलोऱ्यात एखादं रोप हलकेच उपटून गाठ चिरून बघा. आतून गुलाबी दिसली, तर काम चालू आहे.