वसंतांतील हिम आणि घसरण्याची विद्या

गिरगांव-दादरच्या माणसास वसंत ऋतु आल्याचें कळतें तें कैरीच्या डाळीवरून, पन्ह्यावरून आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणांवरून. बर्फाशीं त्याचा संबंध म्हणजे चौपाटीवरचा रंगीत गोळा, किंवा उसाच्या रसाच्या पेल्यांत तरंगणारा खडा. हें बर्फहि या शहरास फार जुनें नाहीं. १८३४ च्या सुमारास अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांचें बर्फ गलबतांतून मुंबईस येऊं लागलें. त्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या घरच्या मेजवानींत आइस्क्रीम वाढण्यांत आलें, आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी वर्तमानपत्रानें मोठ्या चवीनें छापली, असें सांगतात. अशा या शहरांतील साठी उलटलेल्या गृहस्थांनीं ऐन वसंतांत, पायांस पट्ट्या बांधून, बर्फाच्या डोंगरावरून घसरण्याकरितां मुद्दाम प्रवास करावा, हें ऐकून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. ती पडूं नये म्हणून हा लेखनप्रपंच.

संस्कृत वाङ्मयास हिमाची ओळख फार जुनी आहे. हिम, प्रालेय, तुहिन, नीहार, तुषार हे शब्द आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांनीं कोशांतून पाठ केले; परंतु जिला इतकीं नांवें लाभलीं ती वस्तु पाहिल्यावांचूनच बहुतेकांचीं आयुष्यें गेलीं. पाणिनीच्या ज्या सूत्रानें इंद्राणी व भवानी हीं रूपें सिद्ध होतात, त्याच सूत्रानें ‘हिमानी’ हें रूपहि होतें. मात्र हिमानी म्हणजे हिमाची पत्नी नव्हे, तर हिमाची मोठी रास. पस्तीस वर्षें हें रूप आम्हीं वर्गांत शिकविलें. त्याचा अर्थ डोळ्यांनीं पाहण्याचा योग २०२५ च्या मार्चांत, होळीनंतरच्या आठवड्यांत, काश्मीरांतील गुलमर्ग येथें आला.

आमची मंडळी पांच. गिरगांवांतील आम्ही आणि आमचे शेजारी, बँकेंतून निवृत्त झालेले तात्या, दादरचे अण्णा, ज्यांनीं तरुणपणीं शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरांत मल्लखांब केलेला, परळचे डॉक्टर, आणि आमचा एक जुना विद्यार्थी. हा लालबागच्या चाळींत वाढलेला, आतां पस्तिशींतला एंजिनियर, गुलमर्गास तिसऱ्यांदा निघालेला. त्याच्याच आग्रहानें हा बेत ठरला. डॉक्टरांनीं एकच अट घातली : तीन महिने रोज चाळीचे तीन मजले चढावयाचे आणि उतरावयाचे. चढण्यानें दम वाढतो, परंतु घसरतांना जो स्नायु शरीर तोलून धरतो, तो उतरण्यानेंच तयार होतो, असें त्यांचें म्हणणें. गुलमर्गास पोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं तें सर्वांस पटलें.

गुलमर्ग हें ठिकाण श्रीनगरपासून सुमारें पन्नास किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे गुलमर्गचें नुसतें कुरणच कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटर वर. या स्थळाचें जुनें नांव गौरीमार्ग असून सोळाव्या शतकांत युसुफशहा चक या सुलतानानें तें बदलून गुलमर्ग, म्हणजे फुलांचें कुरण, असें केलें, अशी आख्यायिका आहे. येथें इंग्रज अंमलदारांनीं १९२७ सालीं स्कीचें मंडळ स्थापिलें. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या डिसेंबरांत जनरल थिमय्या यांच्या पुढाकारानें सैनिकांसाठीं स्कीची शाळा निघाली, व तिचेंच पुढें उंच पहाडांतील युद्धाचें शिक्षण देणाऱ्या संस्थेंत रूपांतर झालें. १९९८ मध्यें गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणारे बंद पाळणे, गुलमर्गपासून कोंगडूरीपर्यंत सुरू झाले. २००५ मध्यें दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारें ३,९५० मीटरपर्यंत, पोंचला. येथल्याच परिसरांतील आरिफ खान हा २०२२ च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्यें भारताचा एकमेव खेळाडू होता. त्याच्या वडिलांचें गुलमर्ग येथें स्कीच्या साहित्याचें दुकान होतें.

‘स्की’ हा शब्द नॉर्वेचा. मूळ अर्थ चिरलेलें लांकूड. खुद्द नॉर्वेंत त्याचा उच्चार ‘शी’ असा करतात, हें ऐकून तात्यांच्या सौभाग्यवतींनीं निघण्यापूर्वींच ‘तें योग्यच आहे’ असा शेरा मारला होता. नॉर्वेकरांना हा खेळ म्हणून नव्हे, तर हिवाळ्यांत शेजारच्या गांवीं जाण्याचें साधन म्हणून ठाऊक होता. टेलेमार्क प्रांतांतील सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) यानें टांच घट्ट धरणारे बंध वापरून वळण्याची कला वाढविली, आणि १८८८ मध्यें नान्सेननें स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें, तेव्हां युरोपचें लक्ष या लांकडी पट्ट्यांकडे वेधलें.

या विद्येचा पहिला धडा पडण्याचा. पडावयाचें तें बाजूस, डोंगराच्या अंगास. आणि उठतांना दोन्ही पट्ट्या उताराशीं आडव्या ठेवावयाच्या, नाहीं तर उठतां उठतांच माणूस पुन्हा चालूं लागतो. दुसरा धडा थांबण्याचा : पट्ट्यांचीं पुढचीं टोंकें जवळ व टांचा दूर, नांगराच्या फाळासारखा आकार करून आंतल्या कडा बर्फांत रुतवावयाच्या. तिसरा धडा सर्वांत अवघड. भीति वाटली कीं माणूस आपोआप मागें, डोंगराकडे रेलतो. आणि रेलला कीं पट्ट्यांवरचा त्याचा ताबा सुटतो. तोल राखावयाचा तर भीतीच्या दिशेनेंच, म्हणजे उताराकडे, अंग पुढें झुकवावें लागतें. अण्णांना मल्लखांबामुळें पडण्याचें भय उरलें नव्हतें, म्हणून ते तिसऱ्या दिवशीं वळूं लागले. तात्या पांचव्या दिवशीं थांबूं लागले. आम्हीं त्या दोहोंच्या मध्यें होतों, एवढें पुरे.

आतां वसंतांतील हिमाविषयीं. थंडींत पडलेलें ताजें, कोरडें हिम दळलेल्या पिठासारखें असतें. त्याच्या दहा भागांचें पाणी केल्यास जेमतेम एक भाग भरतो, बाकी सारी हवा. अशा भुसभुशीत हिमांतून गुडघाभर बुडून घसरत जाणें हा या खेळांतला परमानंद मानतात. काश्मीर सुमारें ३४ अक्षांशावर, तर युरोपांतील आल्प्स पर्वत सुमारें ४६ वर. त्यामुळें मार्चांत गुलमर्गच्या सूर्यास जो ताप असतो तो आल्प्समध्यें नसतो. रात्रीं हिम गोठून टणक होतें, सकाळीं दहाच्या सुमारास वरचा थर मऊ पडतो, आणि दुपारीं त्याची खिचडी होते. मात्र भूमध्यसागराकडून येणारे पश्चिमी विक्षोभ मार्चांतहि नवें हिम टाकून जातात, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या, सावलींतल्या उंच उतारांवर तें एकदोन दिवस पिठासारखेंच राहतें. वसंतांतलें हें पीठ म्हणजे उसनवारीचा माल. सकाळीं मिळालें तर दुपारपर्यंत वापरावें, अशी त्याची रीत. आणि या घाईंतच धोका आहे.

आमच्या मुक्कामाच्या सहाव्या रात्रीं हिम पडलें. सकाळ लख्ख उजाडली. गोंडोलानें आम्ही कोंगडूरीस गेलों, तेव्हां आंखलेल्या हद्दीपलीकडचा एक संबंध उतार, एकहि रेघ न उमटलेला, समोर झळकत होता. आमच्या विद्यार्थ्याची नजर त्यावर खिळली. वाटाड्या चाळिशींतला, याच मुलुखांत जन्मलेला. त्यानें मान हलविली : ‘रात्रीं वारा होता, आतां ऊन आहे. आज तिकडे नाहीं.’ विद्यार्थी म्हणाला, ‘उद्यां आम्ही निघणार, आणि हें हिम दुपारीं जाणार. मग केव्हां?’ तात्यांनीं त्याची बाजू घेतली, अण्णांनीं वाटाड्याची. शब्दाला शब्द वाढला. आम्हांस बोलण्याचा अधिकार होता तो जुन्या गुरुजींचा, आणि तो वापरल्यास विद्यार्थी ऐकेल पण मानणार नाहीं, हें वर्गांतल्या अनुभवानें ठाऊक होतें.

वाटाड्यानें वाद घातला नाहीं. हद्दीच्या आंत, त्याच दिशेस तोंड असलेल्या एका लहानशा उताराच्या कडेस त्यानें फावड्यानें छातीइतका खड्डा खणला. हिमाची उभी भिंत उघडी झाली, तेव्हां तींत थर दिसले : तळाशीं जुनें टणक हिम; त्यावर बोटभर जाडीचा, जाड्या साखरेसारखा सुटा, एकमेकांस न धरणारा थर; त्यावर वाऱ्यानें दाबलेली फरशी; आणि सर्वांत वर रात्रीचें पीठ. भिंतीचा हातभर रुंद खांब त्यानें चोहोंकडून मोकळा केला, माथ्यावर फावडें ठेवलें आणि त्यावर तळहातानें हलक्या चापट्या मारूं लागला. दहाबारा चापट्यांत ताटांतली वडी सुटावी तसा वरचा सारा ठोकळा त्या साखरेवरून अलगद सरकून त्याच्या मांडीवर आला. ‘हा एवढासा. तो एवढा,’ असें म्हणून त्यानें समोरच्या उताराकडे बोट दाखविलें. विद्यार्थी कांहीं वेळ त्या साखरेच्या थरांत बोट फिरवीत राहिला. मग ‘चला, आंतूनच जाऊं,’ एवढेंच म्हणाला.

नैयायिक ज्याला आप्तवाक्य म्हणतात, तें त्या मुलास पुरलें नव्हतें. प्रत्यक्ष प्रमाण पुरलें. पुढें पाऊण तासानें गस्तीच्या पथकानें तपासून मोकळ्या केलेल्या मोठ्या द्रोणासारख्या उतारावरून तो वाटाड्याबरोबर उतरला. आम्ही चौघे खालून पाहत होतों. आवाज मुळींच नाहीं. दोन ठिपके डावी-उजवीकडे डुलत आहेत, आणि प्रत्येक वळणाशीं उन्हांत हिमाची धूळ पिसासारखी उभी राहून विरते आहे. खालीं आला तेव्हां त्याच्या मिशांवर बर्फ होतें आणि चेहरा सहावीच्या वर्गांतला होता.

त्या दिवशीं पलीकडच्या उतारावर कांहींहि घडलें नाहीं. संध्याकाळीं कहवा पितांना तात्यांनीं यावरून टोमणा मारला. परंतु न घडलेल्या गोष्टीनें सकाळचा निर्णय खोटा ठरत नाहीं. निर्णय ज्या वेळीं घ्यावयाचा, त्या वेळच्या ज्ञानावर तो तोलावयाचा असतो. साधारणतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून हिमलोट सुटतात, आणि स्कीपटूंच्या बहुतेक अपघातांत तो लोट त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या भारानें सुटलेला असतो. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहापंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वांचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. म्हणजे मदत खालून येऊन भागत नाहीं, ती शेजारच्या मित्रानेंच करावी लागते. म्हणून असे लोक संदेश देणारें यंत्र, लांब सळई व फावडें बाळगतात. गुलमर्गच्या या डोंगरानें आपली शक्ति दाखविलेली आहे : ८ फेब्रुवारी २०१० रोजीं येथें १७ जवान हिमलोटांत गेले, व २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं एका रशियन स्कीपटूचा अंत झाला.

ज्याची भीति बाळगावी तें हिमच आतां बेभरंवशाचें होत चाललें आहे. चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीस काश्मिरी लोक ‘चिल्लै कलान’ म्हणतात; ती २१ डिसेंबरास सुरू होते. जानेवारी २०२४ मध्यें त्या ऐन थंडींत गुलमर्गचें कुरण उघडें, तपकिरी पडलें होतें. २०२५ मध्यें खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारींतून हिमाभावीं पुढें ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. अवेळीं हिमाचें संकट काश्मिरास नवें नाहीं. कल्हणानें बाराव्या शतकांत लिहिलेल्या राजतरंगिणींत तुंजीन राजाच्या काळीं भाद्रपदांत हिम पडून भाताचें पीक बुडाल्याचें वर्णन आहे. त्या वेळीं हिम आल्यानें दुष्काळ पडला; आतां हिम न आल्यानें वाटाडे, पट्ट्या भाड्यानें देणारे, चहावाले यांच्या चुली थंडावतात. आमचा वाटाड्या म्हणे, त्याच्या लहानपणीं मार्च हा हंगाम आवरण्याचा महिना होता. आतां कधीं कधीं तोच हंगाम असतो.

आम्ही परतल्यावर महिन्याभरानें, २२ एप्रिल २०२५ रोजीं, पहलगामजवळील बैसरन येथें झालेल्या हल्ल्यांत २६ जणांचा बळी गेला. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. त्या घरांच्या दुःखापुढें प्रवासवर्णनाचे शब्द थिटे आहेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या विद्यार्थ्यास वाटाड्याचा दूरध्वनि आला. मुंबईकडच्या लोकांत तुमचें कोणी नव्हतें ना, एवढेंच त्यानें विचारलें, आणि पुढें बराच वेळ दोघांपैकीं कोणीच बोललें नाहीं. पुन्हा जावें कीं न जावें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं व घरच्यांशीं विचार करून ठरवावें.

जे जातील त्यांच्यासाठीं चार शब्द. गुडघ्यांची परीक्षा आधीं घरच्या जिन्यावर घ्यावी. पहिले दोन दिवस उंचीची संवय होऊं द्यावी. डोकें दुखत असतां वरच्या टप्प्यास जाऊं नये. काळा चष्मा विसरूं नये, कारण ताजें हिम सूर्याचे अतिनील किरण शेंकडा ऐंशीपर्यंत परत फेकतें व डोळे दुखावतें. शिकण्याची वेळ सकाळची. दुपारीं हिम जड झालें कीं गुडघे मुरगळतात. मुक्कामाची खोली ठरविण्याआधीं वाटाड्या ठरवावा. आणि ज्या दिवशीं तो ‘आज नको’ म्हणेल, त्या दिवसाची मजुरी त्यास न मागतां पूर्ण द्यावी.