छातीत पोर्ट आहे म्हणून पोराचं खेळणं बंद का?

पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या घरातल्या मुलाला ब्लड कॅन्सर निघाला की ते घर अहिल्यानगर, पुणे, मुंबईच्या वाऱ्या करू लागतं. उपचार सुरू होतात आणि कधीतरी डॉक्टर सांगतात, छातीत पोर्ट बसवावा लागेल. अम्मी-अब्बू सही करतात. मूल घरी येतं तेव्हा गळ्याजवळच्या हाडाखाली कातडीत रुपयाच्या नाण्याएवढा उंचवटा असतो. तिथून पुढे घरात एकच पाढा सुरू होतो, "पळू नको, खेळू नको, बाहेर जाऊ नको."

काळजी खरी असते, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ब्लड कॅन्सरचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. चौदा वर्षांच्या मुलाला अडीच वर्षं खाटेवर बसवून ठेवायचं म्हणजे त्याची आठवी ते दहावी काढून घ्यायची. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण अशी मुलं शेवटी आमच्याच वर्गात परत येतात. म्हणून पोर्ट म्हणजे काय, त्याच्यासोबत काय चालतं आणि काय टाळायचं, हे सोप्या भाषेत मांडतो आहोत. अंतिम शब्द अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

पोर्ट म्हणजे काय?

पोर्ट ही प्लास्टिकची किंवा टायटॅनियम धातूची छोटी डबी असते. तिच्या वरच्या बाजूला सिलिकॉनचा जाड पडदा असतो आणि खालून एक बारीक नळी निघून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. डबी पूर्णपणे कातडीखाली असते, बाहेर काही लोंबत नाही. औषध द्यायचं किंवा रक्त काढायचं असलं की नर्स कातडीवरून त्या पडद्यात सुई टोचते. ही सुई साधी नसते. तिला हुबर सुई म्हणतात आणि तिचं टोक असं घडवलेलं असतं की पडद्याचा तुकडा निघत नाही. त्यामुळे तोच पडदा शेकडो वेळा टोचता येतो.

याचा फायदा मोठा आहे. केमोची काही औषधं एवढी जहाल असतात की हाताच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपली तर मांस जाळतात. शिवाय दर वेळी शीर शोधताना मुलाच्या हाताची चाळण होते. पोर्टमुळे दोन्ही टळतं. कॅन्सरशिवाय हिमोफिलियाच्या काही मुलांनाही पोर्ट बसवतात.

एक फरक ध्यानात ठेवा. काही मुलांना दंडातून बाहेर नळी काढलेली असते, तिला पिक लाईन म्हणतात. तिचे नियम जास्त कडक असतात आणि ती पाण्यात भिजवायची नसते. शेजाऱ्याच्या मुलाला डॉक्टरांनी काय सांगितलं ते आपल्या मुलाला लावण्याआधी दोघांना बसवलेली वस्तू एकच आहे का, हे विचारा.

सुई आत आहे की नाही?

सगळ्या नियमांची किल्ली या प्रश्नात आहे.

सुई टोचलेली असेल तेव्हा कातडीला उघडं भोक असतं. तेव्हा पट्टी कोरडी राहिली पाहिजे, नळी ओढली जाता कामा नये. पळापळ, पोहणं, डोक्यावरून पाणी घेऊन अंघोळ बंद. पण बसून करायचे सगळे छंद चालू.

सुई काढलेली असेल आणि बसवतानाची जखम पूर्ण भरली असेल (साधारण दोन आठवडे लागतात), तर पोर्ट कातडीखाली सुरक्षित असतो. अंघोळ, नमाज, सायकल, शाळा, बहुतेक खेळ चालतात. रुकू-सजद्यात पोर्ट हलत नाही. मात्र बसवल्यानंतरचे पहिले काही दिवस त्या बाजूचा हात किती उचलायचा, वजन किती घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

वापर नसतानाही पोर्ट ठरावीक काळाने धुवावा लागतो. त्याला फ्लश म्हणतात. बऱ्याच ठिकाणी दर चार आठवड्यांनी करतात, काही रुग्णालयं जास्त अंतर ठेवतात. फ्लश चुकला तर नळी गुठळीने बंद होऊ शकते. म्हणून सहल, लग्न, स्पर्धा ठरवताना फ्लशची तारीख आधी बघा.

काऊंट सांगेल तसं वागा

खेळ थांबतो तो बऱ्याचदा पोर्टमुळे थांबतच नाही, रक्ताच्या काऊंटमुळे थांबतो. केमोनंतर काही दिवस पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात. पांढऱ्या पेशी कमी म्हणजे जंतुसंसर्गाची भीती, प्लेटलेट कमी म्हणजे साध्या धडकेने आत रक्त साकळण्याची भीती. काऊंट वर आले की तेच मूल अंगणात खेळू शकतं.

म्हणून कॅलेंडरवर दोन रंग करा. काऊंट खाली असतील ते दिवस घरातल्या छंदांचे, वर असतील ते बाहेरच्या छंदांचे. हा कागद मुलाच्या हातानेच भरून घ्या. कायमची बंदी आणि "अजून आठ दिवस थांब" यात मुलाला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

आपल्याकडच्या छंदांचा हिशोब

*कुस्ती, कबड्डी, कराटे:* पोर्ट असेपर्यंत नाही. छातीवर थेट मार बसला तर डबी सरकू शकते किंवा नळी निसटू शकते. ज्याला कबड्डीचा नाद आहे त्याला गुणलेखक करा, पंच करा. मैदानाशी नातं तुटू देऊ नका.

*क्रिकेट:* लेदर बॉल नको. काऊंट चांगले असताना टेनिस बॉलने गल्लीत खेळायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. पोर्ट उजवीकडे आणि मुलगा उजव्या हाताने जोरात गोलंदाजी करणारा असेल तर आधी विचारा.

*पोहणं:* आपल्याकडे उन्हाळ्यात पोरं विहिरीत आणि शेततळ्यात पोहतात. उपचार चालू असताना हे टाळाच, साचलेल्या पाण्यात जंतू असतात. स्वच्छ, क्लोरीन टाकलेल्या तलावात जखम भरल्यावर, सुई नसताना आणि काऊंट ठीक असताना परवानगी मिळू शकते.

*जिम:* मिसरूड फुटलेल्या पोरांचा हा हट्ट असतोच. पोर्टची नळी पुष्कळदा गळ्याजवळचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधून जाते. छातीवर जड वजन घेणं, लटकून अंग उचलणं यात ती चिमटली जाऊन कालांतराने तुटूही शकते. चालणं, हलके ताण, पायांचे व्यायाम यावर समाधान मानावं.

*बॅडमिंटन, कॅरम, बुद्धिबळ, सायकल:* खुशाल. सायकलला हेल्मेट हवंच.

*कबुतरं:* मोहल्ल्यातल्या किती पोरांचा जीव कबुतरांत असतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण कबुतरांच्या विष्ठेतली बुरशी कमी प्रतिकारशक्तीच्या मुलाच्या फुफ्फुसात जाऊ शकते. खुराडं साफ करणं, पक्षी हाताळणं भावाकडे द्या. उपचार संपेपर्यंत लांबून शिट्टी मारायची, नोंदवही ठेवायची.

*बागकाम:* काऊंट खाली असताना माती उकरायची नाही. वर असताना हातमोजे, मास्क घालून चालतं.

*मेहंदी:* घरी वाटलेल्या पानांची मेहंदी हातावर काढायला सहसा हरकत नसते. बाजारातल्या काळ्या कोनमध्ये केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असू शकतं, त्याने फोड येतात. ते नको. पोर्टच्या आसपास काहीच नको.

*खत्ताती, चित्रकला, नात, तबला, शिवणकाम, मोबाईलवर व्हिडिओ बनवणं:* सुई आत असतानाही चालतात. रुग्णालयाच्या पिशवीत एक वही, कलम आणि इयरफोन ठेवाच. सहा तासांच्या सलाईनमध्ये बोरूने अलिफ-बे गिरवता गिरवता अक्षराला वळण येतं. काऊंट खाली असताना कात्री-सुई जपून.

कपडे, दप्तर आणि हिजाबची पिन

बारीक वाटतात पण रोज लागणाऱ्या गोष्टी आहेत. दप्तराचा पट्टा पोर्टवर घासतो, म्हणून पट्टा रुंद, खाली मऊ कापड, पुस्तकं कमी. मुलींनी ओढणी किंवा हिजाब लावताना पोर्टच्या बाजूला टाचणी-पिन लावू नये. शिवलेला हिजाब किंवा खटक्याचं बटण बरं. कुर्ता-कमीज समोरून बटणांचा शिवला की सुई टोचताना पूर्ण कपडा काढावा लागत नाही. वयात आलेल्या मुलीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तिला संकोच वाटत असेल तर पडदा लावायला, महिला नर्सला बोलवायला सांगावं. अशी विनंती करण्यात काही वावगं नाही.

रमजान आणि गुस्ल

आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे आपण सगळे जाणतो. तरी रमजान आला की ही पोरं हट्टाला पेटतात, कारण सगळे मित्र रोजा धरतात. केमो चालू असताना अंगातलं पाणी कमी होणं धोक्याचं आहे. डॉक्टरांचं मत घ्या आणि ते घेऊन आलिमांकडे जा. मुलाला इफ्तारच्या तयारीत, तरावीहच्या सोबतीत सामील करून घ्या, म्हणजे आपण वगळले गेलो असं त्याला वाटणार नाही. सुई आत असताना वुजू-गुस्ल कसं करावं, याचा मसलाही आलिमांना विचारावा. मात्र पट्टी कोरडी राहिली पाहिजे ही वैद्यकीय अट त्यांना आधी सांगावी.

शाळेने काय करावं?

वर्गशिक्षक आणि पीटीच्या सरांना डॉक्टरांचं पत्र द्या. त्यात काय चालतं आणि काय चालत नाही, हे दोन्ही लिहून घ्या. फक्त "खेळास मनाई" असं पत्र आलं की शाळा त्या मुलाला गॅदरिंग, सहल, स्काऊट सगळ्यांतून वगळून मोकळी होते.

वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी या मुलाच्या घरी फोन गेला पाहिजे. संपर्कानंतर थोड्या दिवसांतच संरक्षक औषध देता येतं. शिक्षक बंधू-भगिनींनो, ही एक गोष्ट तरी डायरीत लिहून ठेवा.

उंचवट्याबद्दल वर्गाला काय सांगायचं, हे मुलालाच ठरवू द्या. एखादा म्हणेल, "दाखवतो." एखादी म्हणेल, "कुणाला सांगू नका." दोन्ही बरोबर.

घरात ताप आला तर

थर्मामीटर घरात हवाच. ताप 100.4 फॅरनहाईट (38 सेल्सिअस) किंवा वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णालयाला फोन करा, त्यांना न विचारता तापाची गोळी देऊन ताप दाबू नका. पोर्टभोवती लाली, सूज, पू, फ्लशनंतर हुडहुडी, मान, चेहरा किंवा हात सुजणं, छातीवर मार, ही सगळी फोन करण्याचीच कारणं आहेत. श्वास लागला तर फोनवरही वेळ घालवू नका, थेट निघा.

पाथर्डीहून अहिल्यानगर साधारण 50 किलोमीटर. रात्री गाडी कोण काढेल, हे आधी ठरलेलं असावं. फाईल, पोर्टचं कार्ड आणि डॉक्टरांचा नंबर एका पिशवीत दाराजवळ ठेवा. आणि गावातल्या दवाखान्यात कुणालाही साध्या सुईने पोर्ट टोचू देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. पोर्टचा खर्च त्यात बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावं. मुंबईत परळला 1941 पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. तिथे उपचार घेणाऱ्या लहान मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर ही संस्था मोफत राहण्याची सोय करते. राहण्यासोबत मुलांचा अभ्यास आणि चित्रकलाही तिथे चालते. मुलाचा छंद हा उपचाराचाच भाग आहे, हे अनुभवी लोकांनी केव्हाच मान्य केलं आहे.

मुलाला कुणाचं उदाहरण द्यावं?

युवराज सिंग 2011 च्या विश्वचषकात मालिकावीर ठरला. त्याच्या दोन फुफ्फुसांमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. 2012 च्या सुरुवातीला अमेरिकेत त्याने केमो घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध तो पुन्हा भारताकडून खेळला. तो नावाजलेला खेळाडू होता म्हणून सोडून द्यावं, तर टाटा रुग्णालयात बरी झालेली आपली साधीसुधी मुलंही मॉस्कोला कॅन्सरविजेत्या मुलांच्या स्पर्धेत जाऊन पदकं घेऊन आली आहेत.

उपचार संपले की डॉक्टर छोट्या शस्त्रक्रियेने पोर्ट काढतात. छातीवर बोटभर व्रण राहतो. तोपर्यंत मुलाने बुद्धिबळातल्या चाली शिकलेल्या असाव्यात, खत्तातीच्या दोन वह्या भरलेल्या असाव्यात, एखाद्या सामन्याचं गुणपत्रक त्याच्या अक्षरात असावं. शिफा देणारा अल्लाह आहे, औषध देणारे डॉक्टर आहेत. त्या अडीच वर्षांत मुलाला मूल म्हणून जगू देणं मात्र अम्मी-अब्बू, मोहल्ला आणि आम्हा शिक्षकांच्या हातात आहे. पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर मुलाच्या आवडीचे तीन छंद लिहून न्या आणि डॉक्टरांना विचारा, "यातलं काय चालेल, आणि कधीपासून?"