घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणे : गाडी येईपर्यंत काय कराल?



बैलाने वैरण सोडली, रवंथ थांबला, की तुमच्या ताबडतोब ध्यानात येते. तो बोलत नाही. पण काल कसा होता आणि आज कसा आहे, हे तुम्ही पाहता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेही अशीच नजर हवी, कारण त्यांचे दुखणेही पुष्कळदा मुके असते.

तरण्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला तर बहुधा छातीत कळ येते. म्हातारपणी कळ येईलच असे नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम फुटतो, एकाएकी गळाठा येतो. छातीत कफ साठून आजार बळावला तरी कधीकधी अंगाला ताप नसतो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज असंबद्ध बोलू लागली, तर तो म्हातारचळ समजू नका. तो आजार आहे. सकाळपर्यंत वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात 2014 पासून ही रुग्णवाहिका मोफत मिळते. गाव, तालुका, वस्ती आणि जवळची खूण सांगा. रात्र असेल तर फाट्यावर कोणाला तरी बॅटरी देऊन उभे करा.

गाडी येईपर्यंत एवढे करा. दम लागला असेल तर आडवे करू नका, पाठीला टेकण देऊन बसवा. रस्त्यापर्यंत चालवतही नेऊ नका. बेशुद्ध असून श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. सैल झालेली कवळी काढून ठेवा.

मोरीत पाय घसरून पडले आणि एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असे समजा. ओढून उभे करू नका. चोळू नका, पाय ओढून सरळ करू नका. पाठीला बाक असेल तर डोक्या-मानेखाली गोधडीची घडी द्या. डोके आपटले असेल आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर मार किरकोळ दिसला तरी दवाखाना गाठा. आत हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर तो अर्धांगाचा झटका. मेंदूतल्या रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवा.

मधुमेहाचा रोगी थरथरू लागला, घामाघूम झाला, बरळू लागला, तर साखर उतरली असण्याचा संभव असतो. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. बरे वाटले की काही खायला द्या. पण काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरते. तेव्हा डॉक्टरांना दाखवाच.

रुग्णवाहिकेतले डॉक्टर तुमच्या आजोबांना प्रथमच पाहत असतात. आजोबा काल स्वतः गोठ्यापर्यंत जात होते की महिनाभर बाजेवरच आहेत, हे त्यांना कोण सांगणार? ते घरच्यांनीच सांगायचे. माहीतगार माणूस गाडीत पाठवा. चष्मा, कानाचे यंत्र बरोबर द्या. ऐकू न आल्यामुळे उत्तर न देणारा माणूसही परक्याला भ्रमिष्ट वाटतो.

बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी आपण जपून ठेवतो ना? तशीच एक चिठ्ठी आज रात्री जेवणे उरकल्यावर लिहा. नाव, वय, जुने आजार, कोणते औषध सोसत नाही, रोजच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा. गोळ्यांच्या पाकिटांसह ती एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. गोळी बदलली की चिठ्ठीही बदला. आणि ती पिशवी कुठे आहे, हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असू द्या. आपण सारे शेतात असताना आजी-आजोबांजवळ पुष्कळदा तीच असतात.