चाकांवरचे जुने घर कसे निवडावे?

जुने घर विकत घ्यायचे झाले, की जाणती माणसे भिंतीला हात लावून ओल पाहतात, छताकडे नजर टाकतात, पावसाळ्यात पाणी कोठे मुरते ते विचारतात. जुनी मोटार घ्यायची झाली, की इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर न्याहाळतात, ब्रेक दाबून पाहतात. पण जी वस्तू एकाच वेळी घरही आहे आणि मोटारही आहे, ती जुनी घ्यायची झाली तर काय काय पाहावे?

ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स या देशांत अशा गाड्या रस्त्यावर नेहमी दिसतात. त्यांना मोटारहोम म्हणतात. चालकाच्या मागे बसण्याचे बाक, लहानसा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीघर आणि रात्री उघडायच्या खाटा, असा सारा संसार त्यात बसवलेला असतो. सुट्टीत कुटुंबच्या कुटुंब घेऊन हिंडायला ही गाडी सोयीची; पण नवी फार महाग पडते. म्हणून पुष्कळ कुटुंबे वापरलेली गाडी घेतात.

विद्यार्थीमित्रहो, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. आई, वडील, आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. त्यांना २०१० साली बनलेली एक मोटारहोम आवडली आहे. जाहिरातीत लिहिले आहे, ‘सहा जणांची सोय’. गाद्यांचे कापड नवे आहे, पडदे सुरेख आहेत. घ्यावी का? याचे उत्तर पडद्यांवरून मिळणार नाही. ते शाळेतल्या भौतिकशास्त्रातून मिळते. कसे ते पाहू.

खाटा किती आणि पट्टे किती?

‘सहा जणांची सोय’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की रात्री सहा जण झोपू शकतात. गाडी चालत असताना सहा जण सुरक्षित बसू शकतात, असा तो होत नाही. म्हणून पहिली गोष्ट मोजायची ती खाटा नव्हेत, तर सुरक्षापट्टे असलेल्या जागा.

हा आग्रह कशासाठी? गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. ती समोर कशावर तरी आदळली. पुढचा भाग चेपत चेपत गाडी ०.६ मीटर अंतरात थांबली असे धरा. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, या सूत्राने मंदन काढा. ते १६० मीटर प्रतिसेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सोळापट. वीस किलोच्या मुलाला गाडीबरोबर थांबवायचे तर ३,२०० न्यूटन बल हवे. सव्वातीनशे किलोचे ओझे उचलायला लागते तेवढे हे बल! कोणती आई एवढ्या बलाने मुलाला मांडीवर धरून ठेवू शकेल? जडत्वाचा नियम माया जाणत नाही. हे काम पट्ट्यानेच व्हायला हवे.

ब्रिटनमध्ये २० ऑक्टोबर २००७ पासून नोंदलेल्या मोटारहोममध्ये, प्रवासात बसण्यासाठी म्हणून ठरवलेल्या जागांना पट्टे असणे बंधनकारक आहे. त्याआधीच्या गाड्यांत ते नसूही शकतात. मूल बारा वर्षांचे होईपर्यंत किंवा त्याची उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवर, त्याला खास बालआसन लागते. हे बालआसन आडव्या, म्हणजे खिडकीला पाठ लावून बसायच्या बाकावर बसवता येत नाही. ते पुढे तोंड असलेल्या जागेवर, खांद्यावरून आणि कमरेवरून जाणाऱ्या पट्ट्याने बांधणे उत्तम. शिवाय बाकाची गादी उचलून पाहावे. पट्टा गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या पोलादी चौकटीत बसवला आहे, की नुसत्या फळीत? फळीतला स्क्रू ३,२०० न्यूटन सोसणार नाही.

आपल्या कुटुंबाला पाच पट्टे हवेत. जाहिरातीतल्या गाडीत खाटा सहा असूनही पट्टे चारच निघाले, तर इतर काही पाहण्याआधीच ती गाडी बाद. समजा, ती सोडून त्यांनी पाच पट्ट्यांची दुसरी गाडी शोधली. आता पुढची परीक्षा.

वजनाची जमाखर्च

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटार चालवण्याची परीक्षा दिलेल्यांना साध्या परवान्यावर डिझेलची मोटारहोम चालवता येते ती भरलेल्या स्थितीत जास्तीत जास्त ३,५०० किलोपर्यंतची. म्हणून बहुतेक कौटुंबिक गाड्या याच मर्यादेत बसवलेल्या असतात. गाडीवर एक पट्टी असते. तिच्यावर गाडीची कमाल मर्यादा छापलेली असते. गाडीच्या कागदपत्रांत ‘चालण्यास सज्ज’ गाडीचे वस्तुमानही दिलेले असते. त्यात ७५ किलोचा चालक आणि इंधन धरलेले असते. या दोहोंतील वजाबाकी म्हणजे तुमच्या वाट्याला आलेले ओझे.

आपल्या गाडीसाठी आकडे मांडू. मर्यादा ३,५०० आणि सज्ज वस्तुमान ३,०५० धरले, तर शिल्लक ४५० किलो. भरपूर वाटते ना? आता खर्च पाहा. जुन्या मालकाने छत्रीसारखी उघडणारी कनात, दुसरी बॅटरी, सौरपट्ट आणि सायकली टांगायची चौकट बसवली आहे. त्यांचे मिळून ८५ किलो. राहिले ३६५. आई ६०, आजी ५५, मुलगी २८, मुलगा २० आणि बालआसने १२, एकूण १७५. राहिले १९०. भांडी व शिधा ४५, कपडे व अंथरुणे ६०, सायकली ३५, घडीच्या खुर्च्या व टेबल २०, एकूण १६०. राहिले अवघे ३० किलो!

आणि पाणी? टाकी १०० लिटरची आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तुम्ही जाणताच. पण काही निर्माते सज्ज वस्तुमानात पूर्ण टाकी न धरता सुमारे २० लिटरच धरतात. टाकी काठोकाठ भरली, की आणखी ८० किलो आले. गाडी मर्यादेपेक्षा ५० किलोंनी जड झाली. यात कोणी चैन केलेली नाही, हे ध्यानात घ्या. मुले वाढतात, तसा हा तोल दरवर्षी आणखी बिघडतो.

जादा ओझ्याने काय होते? गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. तेवढी ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. टायर अधिक दबतात, अधिक तापतात. म्हणून जाणकार ग्राहक कागदावरच्या आकड्यावर न थांबता गाडी वजनकाट्यावर नेतो. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या तोलणारा काटा तुम्ही पाहिला असेल. तसेच काटे ब्रिटनमध्येही आहेत.

ओझे आहे कोठे?

काट्यावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोलावीत. त्याचे कारण बैलगाडीवाला चांगले सांगेल. गाडीत मागे जास्त माल भरला, की गाडी उलाळ होते. मागे झुकते आणि जू वर उचलले जाते. मोटारहोमचेही तसेच आहे.

पुष्कळ मोटारहोममध्ये मागच्या चाकांच्याही मागे लांब भाग असतो आणि सामानाचे कोठार नेमके तेथेच. पुढच्या व मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे आणि मागच्या चाकांच्या १.५ मीटर मागे १०० किलो सामान ठेवले, असे समजा. पुढच्या चाकांभोवती परिबले घ्या. १०० गुणिले ५.५ भागिले ४, म्हणजे मागच्या चाकांवर १३७.५ किलोंचा भार वाढला! सामान १०० किलोंचेच. मग वरचे ३७.५ आले कोठून? ते पुढच्या चाकांवरून उचलले गेले. युरोपातील पुष्कळशा मोटारहोम फियाट कंपनीच्या, १९८१ मध्ये प्रथम आलेल्या, डुकाटो या गाडीवर बांधलेल्या असतात आणि तिला इंजिनाची ओढ पुढच्या चाकांतून मिळते. पुढचा भार घटला, की घर्षणही घटते. मग ओल्या गवतावर चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि ओल्या रस्त्यावर वळताना सुकाणूचा धाक कमी होतो. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या चाकांची मर्यादा ओलांडलेली असू शकते, ती अशी.

भिंतीतली ओल

आता घराकडे वळू. पुष्कळ जुन्या मोटारहोमच्या भिंतींत लाकडी चौकट असते. बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा काचतंतूंचा पत्रा आणि आतून पातळ फळी. सांधे लवचीक लुकणाने बंद केलेले असतात. उन्हात तापून, थंडीत आकसून आणि रस्त्यावर हादरून लुकणाला बारीक चिरा पडतात. त्यांत पाणी शिरते. हिवाळ्यात ते गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि चीर रुंद करते. आत लाकूड कुजत राहते. बाहेरून काही दिसत नाही.

हे कसे ओळखावे? त्यासाठी ओलमापक मिळतो. त्याच्या दोन टोकदार सुया लाकडाला टेकवायच्या. कोरडे लाकूड विजेला प्रचंड रोध करते. ओल वाढली, की तो रोध अनेक पटींनी घसरतो. रोधावरून उपकरण ओलीचे टक्के दाखवते. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही. २० च्या पुढे गेले, की पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. एकाच ठिकाणी मापून भागत नाही. खिडक्यांचे कोपरे, छतावरच्या झरोक्याभोवतीची जागा, जमिनीलगतच्या कडा आणि चालकाच्या डोक्यावरची खाट, ही सारी ठिकाणे तपासावीत. या खाटेच्या पुढच्या बाजूला सांधे पुष्कळ असतात आणि पाऊस थेट तेथेच आदळतो. मुले मात्र हट्टाने तीच खाट मागतात! ओलीतून बुरशी वाढते आणि रात्रभर तिचे बीजाणू मुलांच्या श्वासात जातात.

उपकरण नसेल तर बोटाने दाबून पाहा. भिंत मऊ लागते का? जमीन पायाखाली लवते का? गाडीत सुगंधी फवारा जरा जास्तच मारला आहे का?

टायरचे वय, गॅसची वाट

मोटारहोम वर्षातून थोडेच दिवस फिरते. त्यामुळे टायरच्या खाचा पंधरा वर्षांनीही खोल दिसतात. पण रबर उभ्या जागी म्हातारे होते. ऑक्सिजन आणि सूर्याचे अतिनील किरण त्याला ठिसूळ करतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१० म्हणजे २०१० सालचा २३ वा आठवडा. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व प्रवासी बस यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यास बंदी आहे. मोटारहोमला हा नियम लागू नसला, तरी रबराचा धर्म सगळीकडे सारखाच. टायर जुने असतील, तर नव्यांची किंमत धरूनच व्यवहार करावा.

शेगडीसाठी प्रोपेन किंवा ब्युटेन वापरतात. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश सेल्सिअस. म्हणून कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचे सिलिंडर भरलेले असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन मात्र काम देतो. दोन्ही वायू हवेपेक्षा जड. गळती झाली तर ते तळाशी साचतात. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये याच दोन वायूंचे मिश्रण असते, म्हणून त्यालाही हेच लागू. मोटारहोममध्ये गॅसपेटीच्या तळाला यासाठीच भोके ठेवलेली असतात. वारा येतो म्हणून कोणी ती बुजवली असतील, तर ती आधी मोकळी करावीत.

अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड याहून कपटी. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याची सूचना देणारा गजर गाडीत आहे का, तो वाजतो का, त्याच्यावरची मुदत संपली आहे का, हे पाहायलाच हवे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील गाड्यांची दरवर्षी ‘एमओटी’ नावाची सरकारमान्य तपासणी होते आणि तिचा जुना इतिहासही पाहता येतो. पण ही तपासणी मोटारीची; भिंतीची ओल आणि शेगडीचा गॅस तिच्यात येत नाहीत. त्यांसाठी निवासी भागाची वेगळी तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी लागते.

तेव्हा क्रम असा लावावा. आधी पट्टे, मग वजन, मग ओल, मग टायर आणि गॅस. गाद्या, पडदे सर्वांत शेवटी. पडदे एका दुपारी बदलता येतात. गाडीची वजनमर्यादा आणि पट्ट्यांच्या जागा तितक्या सहज बदलत नाहीत.

करून पाहा

३० सेंटिमीटरची लाकडी फूटपट्टी दोन पेन्सिलींवर आडवी ठेवा. एक पेन्सिल शून्याजवळ, दुसरी २० च्या खुणेखाली. आता ३० च्या टोकावर एकेक नाणे ठेवत जा. शून्याकडचे टोक कधी उचलले जाते? तीच नाणी २० च्या खुणेवर ठेवली तर काय होते? फूटपट्टीचे वजन माहीत असेल, तर उत्तर आधी गणिताने काढा आणि मग पडताळून पाहा. नंतर शाळेच्या बसच्या टायरवरचे चार आकडे शोधा आणि तो टायर किती वर्षांचा आहे, ते आपल्या वर्गाला सांगा.