सही खरी कीं खोटी?

ओझरच्या विघ्नहराचें दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्यास चिमाजी अप्पांचें स्मरण होतेंच. १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर त्यांनीं या देवळाचा जीर्णोद्धार करविला, असें सांगतात. अशा मुलखांतील एखाद्या घराच्या माळ्यावरून मोडी कागदांचें दप्तर खालीं आलें, कीं घरांतील मंडळी आधीं पेशव्यांची सही शोधूं लागतात आणि लगेच तिची किंमत विचारतात. घाई नडते ती येथेंच. खोटी सही अजाणतां विकली, तरी घेणाऱ्याचे पैसे बुडतात व विकणाऱ्या घराचें नांव जातें. खरी सही रद्दीच्या भावानें गेली, तर ती पुन्हां हातीं येत नाहीं.

मौज अशी, कीं पेशव्यांच्या पत्राखालीं आजच्या अर्थाची सही बहुधा नसतेच. मजकूर कारकून लिहीत असे. पत्रावर शिक्का उमटे आणि मजकूर संपला तेथें लहानसें मोर्तब होई. त्या मोर्तबांत 'लेखनसीमा' अशीं अक्षरें असत. पुढें कोणी एखादी ओळ घुसडूं नये, हा त्यांतील हेतु. धन्यानें क्वचित् शेवटच्या दोन ओळी स्वतः लिहिल्या, तर तेवढाच भाग दस्तुरखुद्द. म्हणून तळाशीं बाळबोध लिपींत ठसठशीत 'बाजीराव' असें लिहिलेला कागद त्या सहीमुळेंच संशयास्पद ठरतो. गिऱ्हाइकाला काय पाहण्याची हौस आहे, हें नकली कागद करणारा पुरतें ओळखून असतो.

अलीकडच्या थोरांचें प्रकरण निराळें आहे. महात्मा गांधी हरिजन फंडासाठीं निदान पांच रुपये घेऊन सही देत. त्यामुळें त्यांच्या सह्या पुष्कळ घरीं आहेत. ते निरनिराळ्या लिप्यांत सही करीत, आणि उजवा हात थकला म्हणजे डाव्या हातानें लिहीत. दोन सह्यांचें वळण जुळत नाहीं, एवढ्यावरून त्यांतील एक खोटी म्हणतां येत नाहीं. उलट, दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडांत धरल्या असतां रेघेवर रेघ तंतोतंत बसली, तर त्यांतील एक गिरवलेली वा छापलेली समजावी. कोणताहि मनुष्य आपली सही दोनदां अगदीं सारखी करीत नाहीं.

भिंगाखालीं बरेंच उघड होतें. खरी सही वेगानें होते. तिचा आरंभ व शेवट निमुळता असतो. नकलेची रेघ थरथरते, लेखणी भलत्याच जागीं थांबलेली दिसते. छापील छायाचित्रावरील सहींत बारीक ठिपके दिसले, तर ती छायाचित्राबरोबरच छापलेली असते. लोकमान्य टिळक १९२० सालीं निवर्तले. बॉलपेन बाजारांत आलें तें १९४५ च्या सुमारास. त्यांची बॉलपेननें केलेली सही कोणी दाखविली, तर भिंगाचीहि गरज नाहीं. कागदहि बोलतो. तो शुभ्र दिसावा म्हणून त्यांत घालण्याचें एक द्रव्य दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारांत आलें. अतिनील दिव्याखालीं असा कागद निळसर चमकतो.

याच द्रव्यानें १९८३ सालीं एक मोठें बिंग फोडलें. 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकानें हिटलरच्या म्हणून समजल्या गेलेल्या रोजनिशींसाठीं नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले होते. हस्ताक्षरतज्ज्ञांनीं अक्षर जुळतें असा निर्वाळा दिला होता. पण जुळविण्यासाठीं त्यांच्यापुढें ठेवलेल्या नमुन्यांतील कांहीं त्याच लबाड इसमाच्या हातचे होते! तज्ज्ञ काय म्हणाला, हें विचारण्याआधीं त्याच्यापुढें कोणता नमुना होता, हें विचारावें तें यासाठीं. खात्रीचे नमुने सार्वजनिक संग्रहांत असतात. जुन्या मराठी कागदांसाठीं पुण्याचें पेशवे दप्तर आणि १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ हीं त्यांतील ठळक ठिकाणें.

सहीइतकीच तिची हकीकत मोलाची. ती कोणी, केव्हां, कोठें घेतली, हें घरांतील वडील माणसांना विचारून तारखेसह लिहून ठेवावें. सोबतचा लिफाफा किंवा सभेचें आमंत्रणपत्र टाकूं नये. सह्यांच्या वहींतील पानें सुटीं करूं नयेत, कारण शेजारच्या सह्या एकमेकींच्या साक्षीदार असतात. कागद चिकटपट्टीनें जोडूं नये, प्लास्टिकमध्येंहि बंद करूं नये. परदेशचा गिऱ्हाईक भेटला, तर १९७२ चा पुरावस्तु कायदा ध्यानांत असावा. पंचाहत्तर वर्षें वा त्याहून जुनें, ऐतिहासिक मोलाचें हस्तलिखित खासगी माणसास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं.