घड्याळाचा न्याय आणि खतावणीचा निकाल

अमेरिकेतील माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या ज्या मुलामुलींचे पाय वेगवान आहेत, त्यांच्या घरी दहावी इयत्ता संपता संपता एक नवा हिशेब सुरू होतो. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, नियमांनुसार त्या वर्षीच्या १५ जूनपासून विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना या मुलांशी संपर्क साधण्याची मुभा मिळते. फुटबॉलचा खेळाडू निवडावयाचा तर पारखी नजर लागते; धावपटूच्या बाबतीत स्टॉपवॉचवरील आकडाच बहुतेक सर्व सांगून जातो. आठशे मीटर १ मिनिट ५० सेकंदांत धावणारा मुलगा कोणाचा, कोणत्या गावचा, हे घड्याळ विचारीत नाही. त्याच्यापुढे वशिला चालत नाही. म्हणूनच महाविद्यालयात शिरण्याच्या सर्व वाटांमध्ये ही वाट सर्वांत न्याय्य, असा समज रूढ आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

या समजाला इतिहासाचा आधार नाही असे नाही. टेनेसी राज्यातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेली विल्मा रुडॉल्फ बालपणी पोलिओने अधू झाली होती. टेनेसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एड टेंपल यांनी तिच्यातील गुण शालेय वयातच हेरले, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली. परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९३६ मध्ये बर्लिन गाजविणारा जेसी ओवेन्स ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत होता तेव्हा त्याला क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. पडेल ते काम करून तो शिकत होता, आणि वर्णभेदामुळे त्याला विद्यापीठाच्या आवारात राहताही येत नव्हते. घड्याळाने दिलेला न्याय संस्थेने मानला नव्हता.

पुढे, १९५६ मध्ये, क्रीडा शिष्यवृत्त्यांना अधिकृत मान्यता मिळाली. मात्र शिष्यवृत्ती म्हणजे संपूर्ण खर्चाची सोय, ही कल्पना धावपटूंच्या बाबतीत फार थोड्यांना लागू पडली. २०२४-२५ पर्यंत प्रथम श्रेणीच्या विद्यापीठात पुरुषांच्या मैदानी स्पर्धा व क्रॉसकंट्री मिळून १२.६, तर स्त्रियांसाठी १८ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. चाळीस जणांच्या संघात १२.६ समान वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांशही येत नाही. प्रत्यक्षात समान वाटप होत नसेच. ज्याच्याकडून स्पर्धेत गुण मिळण्याची खात्री त्याला मोठा वाटा, इतरांना उरलेसुरले. तृतीय श्रेणीची महाविद्यालये आणि हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे तर क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेथे धावण्याचा उपयोग प्रवेशापुरता.

स्त्रियांचा आकडा मोठा का, याचे उत्तर धावपट्टीवर नव्हे, फुटबॉलच्या मैदानावर सापडते. सर्वोच्च गटातील फुटबॉल संघाला ८५ शिष्यवृत्त्या मिळत. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केल्यावर त्या ८५ चा तोल सांभाळण्यासाठी स्त्रियांच्या अन्य खेळांत जागा वाढवाव्या लागल्या. धावपटूचे भाग्य असे दुसऱ्याच खेळाच्या जमाखर्चावर ठरत आले आहे. धावण्याच्या शर्यतींना तिकिटांचे उत्पन्न नगण्य. फुटबॉलच्या प्राप्तीतूनच बहुधा त्यांचा खर्च भागतो.

६ जून २०२५ रोजी न्यायमूर्ती क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने हा जमाखर्च पार बदलून टाकला. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठाला आता खेळाडूंना थेट मोबदला देता येतो. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा रद्द झाली, परंतु संघातील जागांवर मर्यादा आली. मैदानी स्पर्धांसाठी ती ४५ आहे. तत्त्वतः हे पंचेचाळीसही जण पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकू शकतात. पण मोबदल्याचा मोठा भाग फुटबॉल व बास्केटबॉलकडे वळत असता धावपटूंसाठी जादा पैसा कोठून यावयाचा, याचे उत्तर तडजोडीत नाही.

फुटबॉल खेळाडूंची मागणी अन्यायाची होती, असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांच्या घामावर दूरचित्रवाणीचे अब्जावधी डॉलर उभे राहिले, आणि 'विद्यार्थी-खेळाडू' या गोंडस शब्दाआड त्यांचा हिस्सा नाकारला गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात कौल दिला. प्रश्न आहे तो या न्याय्य हिश्श्याची किंमत कोणी मोजावयाची, हा.

ती मोजावी लागणार आहे ती उशिरा उमलणाऱ्या मुलाला. शिष्यवृत्ती न मागता, स्वखर्चाने शिकत केवळ संघात सरावाची संधी मागणारे विद्यार्थी आजवर मोठ्या संघांत सामावून जात. जागा मोजक्या झाल्या की प्रशिक्षक तयार माल शोधणार, हे बाजाराच्या नियमाला धरूनच आहे. तो परदेशातूनही येतो. केनियाचा हेन्री रोनो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी असताना १९७८ मध्ये चार विश्वविक्रम करून गेला. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून उंच उडीत २०१८ व २०२२ मध्ये एनसीएए विजेता ठरला. अशा गुणवंतांचे स्वागतच व्हावे. परंतु सतराव्या वर्षी दोन सेकंद मागे असलेला मुलगा विसाव्या वर्षी कोठे असेल, हे कोणतेही घड्याळ सांगत नाही. ते कळण्यासाठी त्याला तीन वर्षे धावू द्यावे लागते.

ही तीन वर्षे देणे हे शिक्षणसंस्थेचे काम आहे. कारखाना तयार माणूस घेतो. विद्यापीठाने माणूस घडवावयाचा असतो. घड्याळ आजही निःपक्षपातीच आहे. पण संघाची यादी खतावणी पाहून होऊ लागली, तर धावपट्टीवरच्या त्या न्यायाला अर्थ राहणार नाही.